बिनतारी जी.पी.एस. उपकरणाची वाक्ये : वाचन, पडताळणी आणि अर्थ

प्रस्तावना

मोबाइलच्या नकाशावर निळा ठिपका दिसतो, तेव्हा उपग्रहांच्या संदेशापासून त्या ठिपक्यापर्यंतचे सगळे काम पडद्याआड झालेले असते. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे काम उघडून दाखवायचे असेल, तर ब्लूटूथवर चालणारे स्वतंत्र जी.पी.एस. उपकरण हे उत्तम साधन आहे. काडेपेटीपेक्षा थोडे मोठे असलेले हे यंत्र आपले स्थान स्वतः मोजते आणि साधारणपणे दर सेकंदाला साध्या अक्षरांत कळवत राहते. ही अक्षरे वाचणारा प्रोग्राम पन्नासएक ओळींत लिहिता येतो. मात्र तो चुकला तर बहुधा बंद पडत नाही. तो चुकीचे स्थान खात्रीने सांगत राहतो, आणि त्या स्थानावर विसंबून कोणी मदत पाठवली तर ती भलतीकडे जाते. म्हणून या विषयात वाचनाइतकेच महत्त्व पडताळणीला आहे.

जोडणी

अमेरिकेतील ‘नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशन’ या संस्थेने १९८३ मध्ये जहाजांवरील उपकरणांसाठी ‘एन.एम.ई.ए. ०१८३’ हे मानक प्रसिद्ध केले. बहुतेक जी.पी.एस. उपकरणे आजही याच मानकातील वाक्ये बोलू शकतात. तारेने जोडलेल्या जुन्या उपकरणांत वेग ४८०० बॉड असे. ब्लूटूथच्या ‘सिरियल पोर्ट प्रोफाइल’मध्ये ही तारच हवेतून ओढल्यासारखी होते. उपकरण एकदा संगणकाशी जोडले (अनेकांचा संकेतांक ०००० किंवा १२३४ असतो) की संगणकाला ते एका सामान्य कॉम पोर्टसारखे दिसते. प्रोग्रामने तो पोर्ट उघडून बाइट वाचायला सुरुवात करायची.

येथे पहिली अडचण येते. बाइट वाक्यावाक्याने येत नाहीत, तुकड्यांनी येतात. एका वाचनात अर्धे वाक्य मिळते, दुसऱ्यात त्याचे शेपूट आणि पुढच्या वाक्याचे डोके. ब्लूटूथच्या कमी ऊर्जेच्या नव्या प्रकारात तर मूळ मर्यादेप्रमाणे एका सूचनेत २० बाइटच मावतात. म्हणून आलेले सर्व बाइट प्रथम बफरमध्ये साठवावेत, ओळ संपल्याची खूण दिसली की तेवढीच ओळ बाहेर काढावी आणि उरलेले तसेच ठेवावे. ‘एका वाचनात एक वाक्य’ असे गृहीत धरलेला प्रोग्राम प्रयोगशाळेत चालतो आणि रस्त्यावर अडखळतो.

वाक्याची रचना

या मानकात प्रत्येक ओळीला ‘वाक्य’ असेच म्हणतात, आणि त्याला व्याकरणही आहे. पुढील नमुना पाहावा. उपकरण रोमन मोठी अक्षरे पाठवते. येथे ती उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

$जीपीआरएमसी,०९१५३०,ए,१५५१.००००,एन,०७४३०.००००,ई,०१०.०,०४५.०,१५०८२५,,*१८

वाक्य डॉलरच्या चिन्हाने सुरू होते. पहिली दोन अक्षरे बोलणाऱ्याची ओळख देतात : ‘जीपी’ म्हणजे जी.पी.एस., ‘जीएल’ म्हणजे ग्लोनास, तर ‘जीएन’ म्हणजे अनेक उपग्रहमालांचा एकत्रित निष्कर्ष. पुढची तीन अक्षरे वाक्याचा प्रकार सांगतात. नवी उपकरणे बहुधा ‘जीएन’ने सुरुवात करतात, त्यामुळे ‘जीपीआरएमसी’ अशी पाचही अक्षरे शोधणारा जुना प्रोग्राम त्यांच्यापुढे मुका होतो. म्हणून प्रकार शेवटच्या तीन अक्षरांवरूनच ओळखावा.

‘आरएमसी’ प्रकारात क्रमाने वेळ, ग्राह्यता, अक्षांश, उत्तर की दक्षिण, रेखांश, पूर्व की पश्चिम, वेग, दिशा आणि तारीख येते. उंची, वापरलेल्या उपग्रहांची संख्या आणि अचूकतेचा अंदाज ‘जीजीए’ या दुसऱ्या वाक्यात असतो.

नमुन्याच्या शेवटी दोन स्वल्पविराम लागोपाठ आले आहेत. चुंबकीय फरकाची माहिती उपकरणाकडे नाही, म्हणून त्याने जागा रिकामी ठेवली. ही रिकामी जागाही वाक्याचा भाग आहे. सी भाषेतील ‘स्ट्रटॉक’ हे फंक्शन लागोपाठचे स्वल्पविराम एकच समजते. दिशा रिकामी असेल (उपकरण स्थिर असताना पुष्कळदा असते) तर त्यापुढची तारीख दिशेच्या जागी सरकते. म्हणून रिकामी पदे जपणारी पद्धतच वापरावी.

चेकसम

तारांकनानंतरचे दोन अंक म्हणजे चेकसम. डॉलर आणि तारांकन सोडून त्यांमधील प्रत्येक अक्षराच्या आस्की मूल्याची क्रमाने ‘एक्सऑर’ क्रिया करायची आणि उत्तर हेक्साडेसिमल पद्धतीत दोन अंकांत लिहायचे. वरील वाक्य रोमन अक्षरांत लिहून विद्यार्थ्यांनी हे गणित केल्यास १८ हेच उत्तर येते. आलेले आणि काढलेले मूल्य जुळले नाही तर ते वाक्य टाकून द्यावे. पुढच्याच सेकंदाला नवे वाक्य येणार असते, त्यामुळे मोडके वाक्य दुरुस्त करण्याचा मोह नको.

चेकसम एवढेच सांगतो की उपकरणाने जे पाठवले ते जसेच्या तसे पोहोचले. पाठवलेले स्थान खरे आहे का, हे ग्राह्यतेच्या पदावरून कळते. तेथे ‘ए’ असेल तर स्थान ग्राह्य, ‘व्ही’ असेल तर नाही. इमारतीत किंवा बोगद्यात शिरल्यावर काही उपकरणे शेवटचे माहीत असलेले स्थान ‘व्ही’ लावून पाठवत राहतात. आकडे व्यवस्थित दिसतात, चेकसमही जुळतो. आपली शंका उपकरणाने एका अक्षरात सांगितलेली असते. प्रोग्रामने ते अक्षर वाचले नाही तर दोष उपकरणाचा नाही.

बिंदूची जागा

सर्वांत मोठी चूक मात्र अक्षांश-रेखांश वाचताना होते. नमुन्यातील अक्षांश १५५१.०००० असा आहे. त्याला १०० ने भागले की १५.५१ मिळते. हा आकडा अक्षांशासारखाच दिसतो, पण तो अक्षांश नाही. पहिले दोन अंक अंश आहेत आणि उरलेला भाग मिनिटे : १५ अंश ५१ मिनिटे. एका अंशात ६० मिनिटे असल्याने ५१ भागिले ६० म्हणजे ०.८५, आणि खरा अक्षांश १५.८५ अंश. रेखांशात अंशांना तीन अंक असतात. ०७४३०.०००० म्हणजे ७४ अंश ३० मिनिटे, अर्थात ७४.५० अंश.

हे स्थान बेळगाव शहरातले आहे. चुकीच्या वाचनाने मिळालेले १५.५१ आणि ७४.३० हे स्थान तेथून सुमारे ४३ किलोमीटर नैर्ऋत्येला, गोवा-कर्नाटक सीमेजवळच्या सह्याद्रीत पडते. उर्दू लिपीत नुक्ता वर की खाली, एवढ्यावर शब्द बदलतो. येथे बिंदू दिसतो एका जागी आणि अंशांची सीमा असते दुसऱ्या जागी. ती ओळखली नाही की गावच बदलते.

ही चूक ओळखण्याची एक खूण आहे. मिनिटे ६० च्या आतच राहतात, त्यामुळे चुकीच्या वाचनात दशांशचिन्हानंतरचे पहिले दोन अंक कधीही ५९ च्या पुढे जात नाहीत. चालत्या वाहनाची रेघ नकाशावर काढली तर अंश बदलताना ती एकदम ०.४० अंशाने उडी मारते.

अचूकतेचाही विचार हवा. आर्डुइनो उनोसारख्या छोट्या बोर्डवर दशांश संख्या ४ बाइटांत मावते आणि तिचे सुमारे सातच अंक विश्वसनीय असतात. ०७४३०.१२३४ ही संपूर्ण संख्या तशी साठवली तर स्थान जवळजवळ एक मीटरच्या पायऱ्यांनी सरकते. त्याऐवजी अक्षरे असतानाच अंश आणि मिनिटे वेगळी करून दोन स्वतंत्र चलांत ठेवावीत. दक्षिण किंवा पश्चिम असल्यास उत्तराला ऋण चिन्ह द्यावे.

वेळ आणि वेग

०९१५३० ही वेळ जागतिक प्रमाणवेळेची आहे. भारतीय वेळेसाठी तीत साडेपाच तास मिळवावे लागतात : दुपारचे २ वाजून ४५ मिनिटे ३० सेकंद. तारीख १५०८२५ म्हणजे १५ ऑगस्ट २०२५. जागतिक वेळेनुसार १८.३० नंतर भारतात पुढचा दिवस सुरू झालेला असतो. म्हणून वेळ आणि तारीख एकत्र करूनच साडेपाच तास मिळवावेत. नाहीतर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या नोंदी आदल्या दिवसाच्या खात्यावर जातात. वेग सागरी परिमाणात, म्हणजे नॉटमध्ये असतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, त्यामुळे नमुन्यातील १० नॉट म्हणजे ताशी १८.५२ किलोमीटर. दिशा ०४५ म्हणजे ईशान्य.

वर्गातील उपयोग

उपकरण एकच असले तरी संपूर्ण वर्गाला काम देता येते. शिक्षकांनी महाविद्यालयाच्या मैदानाला एक फेरी मारून आलेली वाक्ये साध्या फाइलमध्ये साठवावीत. मग त्या फाइलची दुसरी प्रत घेऊन मुद्दाम बिघडवावी : एका वाक्यातील एक अंक बदलावा, एक वाक्य मधेच तोडावे, एका वाक्यात ‘ए’च्या जागी ‘व्ही’ लिहून चेकसम नव्याने काढावा. विद्यार्थ्याचा प्रोग्राम चांगली वाक्ये वाचतो का, याबरोबरच तो वाईट वाक्ये नाकारतो का, यालाही गुण असावेत.

समारोप

उपकरणाचे वाक्य समोर आले की चार प्रश्न याच क्रमाने विचारावेत : वाक्य पूर्ण आहे का, ते न बिघडता आले का, उपकरणाला स्वतःला त्याची खात्री आहे का, आणि आकडा कोणत्या परिमाणात आहे. चारही उत्तरे मिळाल्यावरच नकाशावर ठिपका ठेवावा. एखादे उत्तर मिळाले नाही, तर ‘स्थान उपलब्ध नाही’ असे सांगणारा प्रोग्राम चुकीचा ठिपका दाखवणाऱ्या प्रोग्रामपेक्षा केव्हाही भरवशाचा.