शिबिर संपल्यावर पोरांचे काय?

शहापूर-मुरबाडकडे युवक शिबिर झाले की शेवटच्या दिवशी ठरलेले दृश्य दिसते. त्रिशरण-पंचशील होते, 'जयभीम'च्या घोषणा होतात, गटाचा फोटो निघतो आणि मुले पांगतात. कुणी आसनगावला लोकल धरतो, कुणी मुरबाडहून कल्याणची एस.टी. (मुरबाडला रेल्वे नाही, शेवटची गाडी चुकली की वक्त्यालाही विहारातच मुक्काम!) पुढे दोन-चार वर्षांनी त्या फोटोतले किती जण एकमेकांना भेटतात, हे आपण कधी मोजतच नाही.

माझ्याकडेही असा एक फोटो आहे. त्यातला एक मुलगा मोर्चात सर्वांत पुढे असायचा. गुन्हा दाखल झाला तेव्हा नावही त्याचेच पुढे लागले. भाषण करणारे दुसऱ्या गावी गेले, कोर्टाच्या तारखा मात्र त्याच्या वाट्याला आल्या. प्रत्येक तारखेला मजुरीचा खाडा. पुढे नोकरीच्या पडताळणीत तोच गुन्हा आडवा आला. त्याच्या आईने एकदा मला बाजारात गाठले. म्हणाली, "भाऊ, पोरगा मोर्चात होता तेव्हा रोज दारात यायचात. आता वाट चुकलात का?" मी खाली मान घातली.

कार्यकर्ता घडवायला आपण खर्च करतो, घडलेला टिकवायला करत नाही. मुलींचे तर विचारूच नका. लग्न होऊन सासरी गेली की वहीतून तिचे नावच कमी! वास्तविक तिच्या सासरच्या गावात आपल्याला एक तयार कार्यकर्ती मिळालेली असते.

आपल्याच चळवळीत याचे दाखले आहेत. पुण्यातील संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत दिनाभाना हे चतुर्थ श्रेणी कर्मचारी होते. १९६० च्या दशकात तेथे बाबासाहेबांच्या व बुद्धांच्या जयंतीची सुटी रद्द झाली. दिनाभानांनी विरोध केला आणि ते नोकरीतून गेले. त्या वेळी डी. के. खापर्डे आणि तेथेच नोकरीला असलेले कांशीराम त्यांच्या पाठीशी उभे राहिले. कोर्टकचेरी झाली, नोकरी परत मिळाली, सुट्याही मिळाल्या. पुढे ६ डिसेंबर १९७८ रोजी याच मंडळींनी बामसेफ उभी केली. एवढ्या मोठ्या संघटनेच्या मुळाशी एका शिपायाची पाठराखण होती.

वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहाचेही तसेच. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली, तेव्हा त्या खोल्यांतून पोरांना बसायला, भांडायला, झोपायला जागा मिळाली. आज नागपूरच्या नागलोकातील नागार्जुन संस्थेत शिकून गेलेली निरनिराळ्या राज्यांतील मुले-मुली आपापसात संबंध ठेवून आहेत. आपल्या दोन तालुक्यांत तर अंतर केवढे? किन्हवली-सरळगाव मार्गे शहापूरहून मुरबाडला जाता येते.

जुन्या शिबिरार्थींचे मंडळ म्हटले की लगेच अध्यक्ष कोण, बॅनरवर फोटो कुणाचा, असे सुरू होते. ते नको. नोंदणीला सात माणसे लागतात, पण ती पुढची गोष्ट. आधी एक वही हवी. कोण कुठे राहतो, काय काम करतो, कुणाची तारीख कधी आहे, जामीन राहायला कोण तयार आहे, परीक्षेला आलेल्या मुलाला कल्याण-ठाण्यात दोन रात्री कोण ठेवून घेईल. आपण पैशाने गरीब असू, पण आपल्यात कुणी एस.टी.त आहे, कुणी शिक्षक आहे, कुणी वकिलाकडे बसतो. हेच भांडवल.

एक उदाहरण देतो. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांतील ११ व्या नियमाने पीडिताला व साक्षीदाराला तपास आणि खटल्यासाठी प्रवासखर्च व भत्ता मिळतो. आपले कितीतरी साक्षीदार भाड्याला पैसे नाहीत म्हणून तारीख चुकवतात आणि खटला ढिला पडतो. ज्याने हा अर्ज एकदा केला आहे, त्याने नव्या पोराला शेजारी बसवून लिहून द्यावा. अर्धा तास पुरतो. शेजारच्या पाड्यावरची कातकरी-ठाकर पोरेही आपल्या शिबिराला येतात. त्यांची नावेही याच वहीत हवीत.

पैशाचे मात्र कडक असावे. पावतीपुस्तक, दोन सह्या आणि दर पौर्णिमेला विहारात हिशेबाचे वाचन. मी बी.कॉम. झालेला कारकून, म्हणून हे सांगतो असे कुणी म्हणेल, म्हणू द्या. दहा रुपयांच्या संशयाने फुटलेली मंडळे मी पाहिली आहेत.

गेल्या रविवारी मी त्या आईच्या घरी जाऊन आलो. मुलगा एम.आय.डी.सी.त कंत्राटी कामावर, दुसऱ्या पाळीला गेला होता. माउलीने आधी पाणी दिले, मग चहा टाकला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या तारखेभोवती लाल गोल होता. ती मी डायरीत उतरवून घेतली आणि त्या दिवसाची रजा टाकली.