फडावर जाणारी मुले

‘बेघर’ हा शब्द उच्चारताच शहरातील पदपथ व रेल्वेचे फलाट आपल्या डोळ्यांपुढे येतात. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लक्ष ७३ हजार माणसे बेघर म्हणून नोंदली गेली. परंतु गावी घर असूनही वर्षातील पाच-सहा महिने जवळजवळ बेघर अवस्थेत काढणारी मुले खुद्द आपल्या हजेरीपटावर आहेत. ती ऊसतोड कामगारांची मुले होत.

दिवाळीच्या सुमारास बीड व लगतच्या जिल्ह्यांतील अवर्षणग्रस्त गावांतून ही कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाची उचल फेडावयाची असते आणि ‘एक कोयता’ म्हणजे पती-पत्नी दोघे. तेव्हा आईला मुलाजवळ थांबता येत नाही. गावी सांभाळणारी आजी धडधाकट नसेल, तर मूलही बरोबर जाते. पालक बेफिकीर आहेत, असा शेरा आपण फार लवकर मारतो.

तळावर बांबू, चटया व पाचट यांची कोपी उभी राहते. तिला दार नसते. चुलीचा धूर आतच कोंडतो आणि पौषातील थंडी पाचटाने अडत नाही. त्यामुळे खोकला व श्वसनाचे विकार हटत नाहीत. पाणी कालव्याचे किंवा विहिरीचे असल्यास जुलाब होतात. आईबाप पहाटेपूर्वीच फडात जातात, म्हणून दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावाची आई होते. गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान द्यावयाची असते. तेव्हा बालक फडावर असले आणि लसीकरणाचे पत्रक गावी राहिले, तर ती सहज चुकते. प्राथमिक वर्गातील मुलास शालेय आहारातून मिळणारे ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिनेही बंद होतात.

अभ्यासाची हानी मात्र वर्षागणिक साचत जाते. दुसरे सत्र जवळजवळ संपूर्ण बुडते. हातच्याची वजाबाकी ज्याने कधी पाहिलीच नाही, त्याच्यापुढे पुढील इयत्तेत आपण भागाकार मांडतो. तो गप्प बसतो व आपण त्याला मंदबुद्धी समजतो. कर्नाटकात गेलेल्या मुलास जवळच्या शाळेत कन्नड ऐकावी लागते, ही अडचण निराळीच.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने याविषयी स्पष्ट तरतूद केली आहे. दाखला येण्यास उशीर झाला, या कारणास्तव प्रवेश नाकारता किंवा लांबविता येत नाही. वयाचा पुरावा नाही, हेही कारण चालत नाही. मुलास वयानुरूप वर्गात घ्यावयाचे व मागे राहिलेल्या भागासाठी विशेष प्रशिक्षण द्यावयाचे आहे. ज्यांच्या हद्दीत कारखाना आहे, त्या शिक्षकांनी कोप्यांवर स्वतः जावे. तेथून शाळेत चालत येण्याचे धाडस नवखे मूल क्वचितच करते.

ज्या गावांतून कुटुंबे जातात, तेथील काम आधीच सुरू व्हावे. ज्यांना गावी ठेवणे शक्य आहे, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेत करावी. जाणाऱ्या मुलाजवळ शिक्षण हमी पत्रक, लसीकरणाचे पत्रक व चालू पाठ्यपुस्तक द्यावे. कोण कोणत्या कारखान्यावर जाणार, हे पालकांना पुष्कळदा शेवटपर्यंत नक्की सांगता येत नाही. मुकादमाला मात्र ते ठाऊक असते. यादी करावयास बसण्यापूर्वी त्याचीच गाठ घ्यावी.