विश्वाचे वय कसे मोजतात?

पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला, हे आपण निःशंकपणे सांगतो. त्या दिवसाचे साक्षीदार हयात नाहीत; परंतु पत्रे आहेत, बखरी आहेत, शुजाउद्दौल्याच्या छावणीतील काशीराजाचा फारसी वृत्तांत आहे. निरनिराळ्या ठिकाणचे पुरावे जेव्हा एकाच गोष्टीची ग्वाही देतात, तेव्हा इतिहासकार ती ग्राह्य मानतो. विश्वाचे वय ठरविण्याची रीतही याहून फारशी निराळी नाही. भेद इतकाच की, येथे कागदाचे काम प्रकाश करतो.

पानिपतजवळ काला आंब येथे या संग्रामाचे स्मारक आहे. वसंत ऋतूत रात्री तेथून चित्रा हा निळसर शुभ्र तारा दिसतो. चैत्र महिन्याला नाव देणारी ही चित्रा सुमारे २५० प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे आज आपल्या डोळ्यांत शिरणारा तिचा प्रकाश पानिपतानंतर एका पिढीच्या आतच तेथून निघालेला असतो. आकाशाकडे पाहणे म्हणजे भूतकाळाकडेच पाहणे होय.

परंतु आरंभापर्यंत कसे पोहोचावयाचे? १९२९ साली अमेरिकन ज्योतिर्विद एडविन हबल यांनी दाखविले की, दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे अफाट समूह, जितक्या दूर तितक्या अधिक वेगाने आपल्यापासून लांब जात आहेत. दोन वाटसरूंपैकी एकाने दुप्पट वाट तुडविली असून त्याची चालही दुप्पट असेल, तर दोघे एकाच वेळी निघाले, हे शाळकरी मूलही सांगेल. अंतराला वेगाने भागले की प्रवासाचा काळ मिळतो.

मात्र हबल यांच्या आकड्यांवरून हा काळ सुमारे २०० कोटी वर्षेच येत असे आणि युरेनियमच्या ऱ्हासावरून पाहता पृथ्वीवरील काही खडक त्याहून जुने ठरत. लेक आईपेक्षा वयाने वडील कशी असेल? १९५२ मध्ये वॉल्टर बाडे यांनी उलगडा केला: दीर्घिकांची अंतरेच कमी धरली गेली होती. ती दुप्पट होताच वयही दुप्पट झाले.

दरम्यान १९४८ मध्ये फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी व टॉमस गोल्ड यांनी विश्वाला आरंभच नाही, असा सिद्धांत मांडला होता. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये हॉइल यांचे विद्यार्थी व पुढे सहकारी झाले. परंतु १९६५ मध्ये पेंझियस व विल्सन यांनी सर्व दिशांनी येणाऱ्या एका मंद प्रारणाचा शोध जाहीर केला. त्याचे तापमान निरपेक्ष शून्याहून जेमतेम २.७ अंश अधिक. ही विश्वाच्या उष्ण आरंभाची खूण, असे बहुतेक शास्त्रज्ञांनी मानले. प्लांक उपग्रहाने या प्रारणातील सूक्ष्म चढउतार मोजले आणि २०१८ च्या निष्कर्षांनुसार विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे निघाले. अतिप्राचीन तारकागुच्छांचे वय ताऱ्यांतील जळलेल्या इंधनावरून काढतात. ते सुमारे १,२०० ते १,३०० कोटी वर्षे येते. लेक आता आईहून लहान ठरली!

तरीही वाद मिटलेला नाही. जवळच्या दीर्घिकांवरून मोजलेला प्रसरणाचा वेग या प्रारणावरून काढलेल्या वेगापेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी अधिक भरतो. नारळीकरांनी तर १९९३ मध्ये हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्यासह पर्यायी सिद्धांत पुढे आणला. तो थोड्यांनाच पटला. पण प्रचलित मताकडे हिशेब मागणे त्यांनी सोडले नाही. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत त्यांनी मराठे जिंकले असते तर काय झाले असते, याची कल्पना रंगविली आहे. कथेत असे निराळे पानिपत उभे करता येते; विज्ञानात मात्र निराळे विश्व मांडणाऱ्याला प्रत्येक मोजमापाची संगती लावून द्यावी लागते.

आपल्या मुलांनी १,३८० कोटी हा आकडा अवश्य लक्षात ठेवावा. परंतु तो ऐकताच ‘हे कशावरून?’ असे त्यांनी विचारले, तर पालकांना अधिक समाधान वाटावयास हवे.