माळ्यावर बालगंधर्वांची तबकडी सापडली तर?

मोताळ्यातल्या एखाद्या जुन्या घराचा माळा आवरताना जड, काळ्या तबकड्या निघाल्या, तर भंगारात देण्याआधी लेबल वाचा. बालगंधर्वांचे नाव असेल तर जपूनच! नाटकात वन्समोअरने लांबणारे त्यांचे पद 78 आरपीएमच्या एका बाजूत जेमतेम 3 मिनिटांत आटपावे लागे. 1925च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण येईपर्यंत गायक कर्ण्यासमोर गात. आवाज खरखरीत येई. पण तरुण गंधर्व ऐकायचे तर त्याच तबकड्या हव्यात.

तबकडीत लाख असते. स्पिरिटने पुसली तर ती विरघळते, हातातून पडली तर तुकडे होतात. मऊ, कोरडे फडके वापरा, तबकडी उभी ठेवा. झिजलेल्या सुईवर वाजवू नका. एकदाच ऐकण्याचा मोह महागात पडतो. लेबलजवळ कोरलेला क्रमांक टिपून घ्या. ध्वनिमुद्रणाचा काळ शोधायला संग्राहकांना तोच उपयोगी पडतो.