पडण्यापूर्वींची परीक्षा

घरांतील वडील माणूस पडलें, कीं ओल्या फरशीस अथवा ग्रहदशेस दोष देऊन आपण मोकळे होतों. परंतु अर्धांगवायूनंतर किंवा खुब्याचें हाड मोडल्यानंतर जो रुग्णालयांत पुन्हां चालावयास शिकत आहे, त्याचें पडणें पुष्कळदां अगोदर ओळखतां येतें.

त्यासाठीं परिचारिका जीं कोष्टकें वापरतात, त्यांपैकीं जॅनिस मॉर्स यांचें, 1989 सालीं प्रसिद्ध झालेलें कोष्टक सुपरिचित आहे. रुग्ण नुकताच पडलेला असल्यास 25 गुण. दुसरा आजार असल्यास 15. शिरेंत सलाइनची नळी असल्यास 20. चाल अशक्त असल्यास 10, बिघडलेली असल्यास 20. स्वतःच्या शक्तीचा अंदाज चुकत असल्यास 15. काठीस 15 गुण आहेत, पण खाट-खुर्ची धरून चालणारास 30! काठीची लाज वाटणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं हा आंकडा अवश्य ध्यानांत घ्यावा. बेरीज 45 झाली, कीं धोका मोठा, असें सामान्यतः समजतात.

तथापि पुनर्वसनाच्या कक्षांत बहुतेकांची बेरीज मोठीच येते; कारण चाल बिघडली म्हणूनच ते तेथें आलेले असतात. म्हणून तेथें बेरजेपेक्षां कारण महत्त्वाचें. एकाचा रक्तदाब उभें राहतांच उतरतो. दुसऱ्यास झोपेच्या औषधानें झांपड येते. मेंदूच्या उजव्या बाजूस इजा झालेल्या तिसऱ्यास कधीं कधीं आपली डावी बाजू लुळी आहे याचेंच भान नसतें, व तो कोणास हांक न मारतां उठतो. पहिल्यास सावकाश उठवावें, दुसऱ्याचें औषध डॉक्टरांकडून तपासून घ्यावें, तिसऱ्याजवळ माणूस ठेवावें. पडेल म्हणून खाटेस खिळवून ठेवणें हा मात्र उपाय नव्हे. त्यानें स्नायू क्षीण होतात व भय वाढतें.

पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था मुंबईस हाजीअली येथें 1955 पासून आहे. पण परभणी जिल्ह्यांतील गंगाखेड, जिंतूर वा पाथरीच्या कुटुंबास मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास. अशा वेळीं जवळच्या रुग्णालयांत उशाशीं बसलेल्या घरच्या माणसावरच पुष्कळसा भार येतो. पण परीक्षेचीं उत्तरेंही त्यालाच ठाऊक असतात: रात्रीं किती वेळां उठावें लागतें, पूर्वीं पाय कोठें घसरला, घरचा उंबरठा किती उंच, न्हाणीची फरशी किती निसरडी, शौचकूप अंगणापलीकडे आहे काय. रुग्णास घरीं नेण्यापूर्वीं हें सर्व परिचारिकेस सांगावें, आणि तेवढाच उंबरठा ओलांडण्याचा सराव तेथेंच करवून घ्यावा. पडलेल्यास उचलावयास धांवणें ही माया खरीच. पण पडण्यापूर्वीं चार प्रश्न विचारणें ही तीहून मोठी सेवा होय.