तो संप पगारासाठी नव्हता

आठवीच्या वर्गात सविनय कायदेभंगाचा पाठ आला की मी सोलापूरपाशी थोडी जास्त थांबते. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन ही चार नावे फळ्यावर लिहिते. शेवटचे नाव लिहिले की आमच्या मोहल्ल्यातली मुले माना वर करतात. यंदा मात्र एका मुलीने वेगळेच विचारले. तिचे अब्बा यंत्रमागावर काम करतात. ती म्हणाली, “टीचर, गांधीजींना पकडले म्हणून कामगारांनी काम का बंद केले? त्यांचा पगार तर कोणी कापला नव्हता!”

तास संपला, पण प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. पोट हातावर असलेला माणूस स्वतःच्या पगाराचा प्रश्न नसताना एका दिवसाच्याही मजुरीवर पाणी का सोडेल?

१९३० साली सोलापूर गिरण्यांचे शहर होते. जुनी गिरणी १८७७ पासून चालू होती, पुढे आणखी गिरण्या उभ्या राहिल्या. मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू बोलणारी माणसे एकाच भोंग्यावर कामाला जात. ४ मेच्या मध्यरात्रीनंतर गांधीजींना अटक झाली. बातमी पोहोचताच बाजार बंद झाले, मिरवणुका निघाल्या आणि गिरणी कामगार कामावरून बाहेर पडले.

कोणी म्हणेल, गिरण्यांचे मालक तर हिंदी होते. नुकसान झाले ते त्यांचे, इंग्रजांचे काय गेले? उत्तर असे, की राज्य केवळ बंदुकीवर चालत नाही. रोज सकाळी लाखो माणसे मुकाट्याने कामाला जातात, म्हणून ते चालते. पगाराचा संप म्हणतो, “आम्हाला आमचे द्या.” असा राजकीय संप म्हणतो, “तुमचा कारभार आम्हाला मान्य नाही, तो चालवायला आमचे हात मिळणार नाहीत.”

सरकारला हा फरक चांगला कळत होता. १९२९ च्या औद्योगिक तंटे कायद्यात त्याने एक कलम घातलेच होते. संपाचा हेतू धंद्यातल्या तंट्यापलीकडचा असेल आणि लोकांची मोठी गैरसोय करून सरकारला नमवण्यासाठी तो केलेला असेल, तर तो बेकायदा. म्हणजे मजुरीसाठी भांडा, राज्याविषयी बोलू नका. सोलापूरच्या कामगारांनी नेमके तेच केले.

मुलांना मी पुढचा भागही लपवून सांगत नाही. ८ मे रोजी जमावावर गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे हा तरुण मारला गेला. संतापलेल्या लोकांनी मंगळवार पेठेची पोलीस चौकी पेटवली. पोलीसही मारले गेले. तेही कोणाचे तरी बाप, भाऊ होते. संपाचे बळ काम थांबवण्यात होते, आग लावण्यात नव्हते. त्यानंतर काही दिवस शहरात पोलीसच नव्हते. १२ मे रोजी लष्करी कायदा लागू झाला. गांधी टोपी घालणे हासुद्धा गुन्हा ठरला.

चौकीतल्या पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवून या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. आरोप खोटे होते, अशीच सोलापूरकरांची भावना राहिली. कुर्बान हुसेन तेव्हा विशीचे होते. गिरणी कामगारांत वावरणारे, ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवणारे. एकाच खटल्यात लिंगायत, मारवाडी, मराठा आणि मुसलमान उभे होते.

आपल्या घरांत आज काय शिकवतो आपण? “बेटा, संघटनेच्या भानगडीत पडू नकोस. आपण बरे, आपले काम बरे.” मीही माझ्या मुलाला हेच सांगितले आहे. भीती खोटी नाही. संप करणाऱ्याची चूल विझते, उधारी वाढते, नोकरी जाते. १९८२ च्या मुंबईतल्या गिरणी संपानंतर किती घरे उठली, हे आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिले आहे. म्हणून ऊठसूट संप करा, असे मी म्हणणार नाही. पण फक्त आपल्या पगारापुरते तोंड उघडायचे आणि दुसऱ्यावर अन्याय झाला की मान खाली घालायची, हे शहाणपण कुर्बान हुसेनांचे नाव घेणाऱ्यांना शोभत नाही.

त्या मुलीला दुसऱ्या दिवशी मी एवढेच म्हटले, “त्यांचा पगार कोणी कापला नव्हता, खरे. पण आपल्या मताला काहीच किंमत नाही, असे त्यांना रोज सांगितले जात होते. ते त्यांनी एक दिवस ऐकले नाही.” तिने विचारले, “मग त्या दिवशी ते जेवले काय?”

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. तुमच्या घरात गिरणीत किंवा मागावर राबलेले आजोबा, नाना असतील. येत्या १२ जानेवारीला मुलांना त्यांच्याजवळ बसवा. संपात घर कसे चालले, कोणी पीठ उसने दिले, दादीने काय विकले, ते विचारा आणि वहीत लिहून ठेवा. पाठ्यपुस्तकात तेवढे राहून गेले आहे.