कवडीचे शेवटचे नऊ दिवस



आपल्या मदतीतून जव्हारच्या डोंगरातल्या आमच्या मुलींच्या वसतिगृहामागे कोंबड्यांचा खुराडा उभा राहिला, हे आपल्याला आठवत असेल. त्यातली कवडी नावाची पांढऱ्या ठिपक्यांची गावठी कोंबडी मात्र वसतिगृहाची नव्हती. सहावीतल्या एका मुलीच्या आईने ती आणून दिली होती. "हिच्या अंड्यांचे पैसे पोरीच्या वह्यांना ठेवा, बाई," एवढेच ती म्हणाली होती. मागच्या पावसाळ्यात ही कवडी आजारी पडली. तिची शुश्रूषा करताना आम्ही काही शिकलो आणि एक चूकही केली. घरी कोंबड्या पाळणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून दोन्ही लिहिते.

पहिल्या दिवशी कवडी कोपऱ्यात पिसे फुगवून बसली होती. डोळे अर्धे मिटलेले, तुरा फिका, शेपूट खाली. पाड्यावर कोंबडी अशी मलूल दिसली की पहिली शंका मानमोडीची येते. पुस्तकात तिला राणीखेत म्हणतात. हिरवट पातळ विष्ठा, धाप, लुळे पडलेले पाय-पंख आणि वाकडी झालेली मान ही तिची लक्षणे. तिच्यावर औषध नाही, फक्त लस आहे. पिल्लू आठवड्याचे होण्याच्या सुमारास डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा एक थेंब आणि सहा ते आठ आठवड्यांनी टोचायची दुसरी लस. दोन्ही लसी थंड ठेवाव्या लागतात आणि त्या निरोगी पक्ष्यालाच द्यायच्या असतात.

म्हणून आजारी कोंबडी दिसली की पहिले काम म्हणजे तिला वेगळे ठेवणे. तिचे भांडे वेगळे, आणि तिच्याकडचे काम सगळ्यांत शेवटी करून हातपाय साबणाने धुवायचे. एकाच वेळी अनेक कोंबड्या पटापट मरू लागल्या तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवायचे.

बाकीच्या कोंबड्या ठणठणीत होत्या. कवडी मात्र सारखी कुंथत होती. डॉक्टरांनी फोनवर लक्षणे ऐकून सांगितले, अंडे अडकले असावे. वय झालेल्या किंवा चुना, शिंपले यांतले कॅल्शियम कमी मिळालेल्या कोंबडीत असे होते. अंडे आत राहिले तर ती एक-दोन दिवसांतही मरू शकते. पोट दाबून ते बाहेर काढायला जाऊ नये, कारण आत फुटले तर जखम होते.

आम्ही टबात कोमट पाणी घेऊन तिला पोटापर्यंत वीस मिनिटे बसवले, कोरडे पुसले आणि अंधाऱ्या खोक्यात गवतावर ठेवले. वीज गेली होती, म्हणून गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली. आजारी पक्ष्याला दाण्याआधी ऊब लागते. अंग गार पडले असेल तर खाल्लेले पचत नाही. पाणी देताना चोच उघडून ओतू नये, ते श्वासनळीत जाते. चोचीच्या टोकाला थेंब लावावा, मग ती स्वतः गिळते.

दुसऱ्या दिवशी मऊ कवचाचे, फाटलेले अंडे बाहेर आले. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मुलीने विचारले, "बाई, कवडी आता बरी होईल ना?" मी म्हणाले, "होईल." हे बोलायला नको होते.

चौथ्या दिवशी तिचे पोट पाण्याने भरल्यासारखे सुजले. डॉक्टर येऊन तपासून गेले. अंड्याचा काही भाग आत सांडून पोटात संसर्ग झाला होता. त्यांनी औषध दिले, या काळातली अंडी कोणी खाऊ नयेत असे बजावले आणि म्हणाले, "तीन दिवसांत फरक दिसला नाही तर उगाच ओढू नका."

तीन दिवस झाले, फरक नव्हता. तरी मी थांबले. आज पेज चाटली, आज डोळा उघडला, अशी कारणे मी शोधत राहिले. खरे कारण वेगळे होते. मुलीला दिलेला शब्द मला मोडवत नव्हता. आठव्या दिवशी कवडीला मान उचलता येईना. निवांत पडलेली असतानाही ती चोच उघडी ठेवून श्वास घेत होती. आमच्या स्वयंपाकाच्या मावशी खोक्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "बाय, तिला आता दाणा नको, पाणी नको. तुम्ही कोणासाठी थांबलात?"

मला उत्तर देता आले नाही.

आता आम्ही काही गोष्टी पाहून ठरवतो. कोंबडी उभी राहू शकते का? दिवसभरात स्वतःहून पाणी प्याली का? छातीचे हाड रोज जास्त टोचते आहे का? आवडीचा दाणा समोर टाकला तर मान वळवते का? शांत असताना धाप आहे का? औषध सुरू करतानाच डॉक्टरांना विचारून एक दिवस ठरवायचा आणि तो खुराड्याच्या वहीत लिहायचा. त्या दिवशी सगळी उत्तरे वाईट असतील तर तारीख पुढे ढकलायची नाही.

नवव्या दिवशी सकाळी मी मुलीला जवळ बसवून खरे ते सांगितले. तिने कवडीच्या पाठीवरून हात फिरवला आणि शाळेत गेली. मावशींचा हात सरावाचा आहे. त्यांनी गोठ्यामागे एका झटक्यात मान मोडून तिची सुटका केली. हे काम जाणत्या माणसानेच करावे, नाहीतर डॉक्टरांना विनंती करावी. आजारी, औषध दिलेल्या कोंबडीचे मांस कोणी खाऊ नये आणि ती विकूही नये. विहिरीपासून लांब, कुत्री उकरणार नाहीत इतक्या खोल खड्ड्यात चुना टाकून आम्ही तिला पुरले. खोक्यातले गवत जाळले.

पिल्लांना पंखांखाली घेणारी कोंबडी आपण शुभवर्तमानात वाचतो. इतके दिवस मला त्यात फक्त सांभाळणे दिसत होते. सांभाळणाऱ्यावर योग्य वेळी हात सोडण्याचीही जबाबदारी असते, हे मला कवडीमुळे समजले.

संध्याकाळी शाळेतून आल्यावर मुलीने विचारले, "बाई, हे परवाच केले असते तर तिला कमी दुखले असते का?"

मी म्हणाले, "हो. परवाच करायला हवे होते. चूक माझी झाली."

तिने मान हलवली. मग उरलेल्या कोंबड्यांना पाणी घालायला ती एकटीच खुराड्याकडे गेली. तिच्या वह्यांचे पैसे आता दुसऱ्या कोंबडीच्या अंड्यांतून बाजूला ठेवतो. त्या कोंबडीला लस दिली आहे आणि तिच्या खाद्यात रोज शिंपल्यांचा चुरा असतो.

आपली,
वसतिगृह अधीक्षिका